पुन्हा पुट अप करा

इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या नोकरीत पोरांनी मला सर्वांत जास्त छळलं ते जोडीनं येणाऱ्या क्रियापदांवरून. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, मग ‘पुट अप’ म्हणजे वर ठेवणे, असं म्हणून पोरं मोकळी व्हायची. धड्यात कोणी पाहुण्याला ‘पुट अप’ केलं की ही मंडळी त्या बिचाऱ्याला माळ्यावर चढवून यायची. मी रागवायची, पण मला हसूही यायचं. पुस्तकाच्या मागं या दोन अक्षरी शब्दांचे अर्थ ओळीनं दिलेले असत: उभारणे, पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणे, सोसणे, चढवणे, लढत देणे आणि आणखी बरेच. ती यादी मी कधीच पाठ करून घेतली नाही. मला ते क्रियापद एका पत्र्याच्या डब्यानं शिकवलं होतं आणि तो डबा आमच्या सौंसरच्या घरात, देवाच्या कोनाड्याशेजारी होता.

माझे वडील सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून. सरळ, नेमस्त, नाकासमोर चालणारा माणूस. त्यांना घरात कोणाला ‘नाही’ म्हणणं जमत नसे आणि ‘हो’ म्हणायची भीती वाटे. कचेरीतून आले की आम्ही भावंडं आणि आई एकदमच आपापलं गाऱ्हाणं घेऊन त्यांच्यावर तुटून पडायचो. एक दिवस ते वैतागले आणि बिस्किटांचा रिकामा डबा कोनाड्यात ठेवून म्हणाले, “आजपासून ज्याला जे पाहिजे त्यानं अर्ज करायचा. डब्यात टाकायचा. रविवारी आंघोळ-पूजा झाली की निकाल. पहिले आलेला अर्ज पहिले पाहीन.”

आम्हाला वाटलं गंमत आहे. पण बाबांनी ती गंमत वर्षानुवर्षं चालवली. रविवारी ते पाटावर बसून डबा उघडायचे, एकेक चिठोरं मोठ्यानं वाचायचे आणि त्यावर शेरा मारायचे. त्यांच्याकडे एक लाल-निळी पेन्सिल होती. निळ्या टोकानं ‘मंजूर’, लाल टोकानं ‘नामंजूर’. लाल टोक मात्र फारसं झिजलेलं मी कधी पाहिलं नाही. कारण तिसरा एक शेरा होता आणि तो साध्या काळ्या शिसपेन्सिलनं लिहिला जायचा, म्हणजे वेळ पडली तर खोडता येईल असा. ‘पुन्हा पुट अप करा.’

कचेरीत साहेबापुढं फाइल ठेवण्याला ‘पुट अप’ करणं म्हणत. साहेबाला निर्णय नको असला की तो लिहायचा, महिन्यानं पुन्हा पुट अप करा. बाबांनी साहेबाची ती खोड उचलून घरी आणली. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा शब्द तिला पक्का ठाऊक झाला होता. ती तो एका दमात ‘पुटप’ असा म्हणायची. तिचे अर्ज मी लिहायची. तिचा एक अर्ज जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाचा होता. जामसांवली काही लांब नाही, पण तो अर्ज दर रविवारी निघायचा आणि दर रविवारी डब्यात परत जायचा. शेवटी आईच म्हणाली, “तिथला देव बी निजून हाये आन् माहा कागद बी निजूनच राह्यला. देवाले तरी लोकं उठून पाहाले जाते.” त्या रविवारी निळी पेन्सिल निघाली. आम्ही जाऊन आलो. आईनं निजलेल्या मारुतीला काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही, पण परतताना ती फार खुशीत होती.

देश स्वतंत्र झाला तेव्हा मी अगदी लहान होते. झेंड्याची आठवण आहे ती धूसर आहे, पण झेंड्याच्या बांबूची आमच्या घरात चांगलीच आठवण राहिली. साहेबांनी चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं की झेंड्याचा खांब ‘पुट अप’ करावा. बाबांनी आयुष्यभर या शब्दाचा एकच अर्थ पाळलेला. ते दोन शिपायांच्या खांद्यावर तो लांबलचक बांबू देऊन थेट साहेबांच्या खोलीत हजर झाले आणि बांबू टेबलासमोर आडवा ठेवून अदबीनं उभे राहिले. साहेब म्हणाले, “अहो बाबूसाहेब, याच्यावर मी सही करू काय?” मग अंगणात खड्डा खणला गेला. ही हकिकत बाबा स्वतःच सांगायचे आणि सांगताना पोट धरून हसायचे. स्वतःवर हसता येणारा माणूस होता, हे मी पुढं जे सांगणार आहे त्याआधी सांगायला हवं.

आता माझा अर्ज. सौंसरला मी मुलींच्या शाळेत होत्या तेवढ्या इयत्ता संपवल्या. पुढं हायस्कूल, पण त्यात आमच्या ओळखीच्या घरातली मुलगी बसलेली मी पाहिली नव्हती. पांढुर्ण्याला मात्र दोन-तीन मुली मुलांच्या वर्गात बसतात आणि त्यांना वेगळा बाक आहे, असं माझ्या आत्यानं सांगितलं होतं. आत्याचं सासर पांढुर्ण्याचं, संत्र्यांच्या व्यापारातलं घर. मी अर्ज लिहिला: अर्जदार मुलगी मॅट्रिकपर्यंत शिकू इच्छिते, सबब तिला पांढुर्ण्याला आत्याकडे राहण्याची परवानगी मिळावी. ‘सबब’ हा शब्द बाबांना आवडायचा म्हणून मुद्दाम घातला.

बाबांनी तो वाचला. मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. मग काळी पेन्सिल उचलली.

“काहून बाबा?” मी विचारलं.

“अवं, राज्य फुटून राहिलं. नागपूर तिकडं जाते म्हणतात. आपला जिल्हा इकडं राहते का तिकडं जाते, कोणाले ठाऊक? परीक्षा कोण घेईन, कोणत्या भाषेत घेईन, काही समजून नाही राहिलं. ते ठरू दे पहिले. मग पाहू.”

भाषेप्रमाणं राज्यांची नवी वाटणी चालली होती आणि त्या दिवसांत सगळ्या गोष्टींना हेच उत्तर होतं. विहिरीची दुरुस्ती, बदल्या, पूल, सगळं राज्य ठरेपर्यंत थांबलेलं. पण मी राज्य नव्हते. माझं वय थांबणार नव्हतं आणि शाळा उन्हाळ्यानंतर उघडणारच होती. या वर्षी गेले नाही तर पुढच्या वर्षी माझं लग्न होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्याबरोबरीच्या दोघी तशाच गेल्या होत्या. मी ठरवलं, डब्यातून कागद हलू द्यायचा नाही. दर रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठून माझा अर्ज वर काढून ठेवायची. दर रविवारी त्यावर एक काळी ओळ वाढायची. अर्जाची खालची निम्मी जागा त्या ओळींनी भरून गेली.

एका शनिवारी आई म्हणाली, “आण तो कागद इकडं.”

मी आणून दिला. तिनं तो पाटावर पसरला, देवापुढची कुंकवाची कोयरी घेतली आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. मधोमध आणखी एक बोट.

“हे काय वं आई?”

“कचेरीत शिक्का मारते ना? हा माहा शिक्का. कुंकू लागलेला कागद कोणाले फाडता येत नाई. खोडता बी येत नाई.” आणि तिनं कागद डब्यात न ठेवता कोनाड्यात, देवाच्या बाजूला, दिसेल असा उभा करून ठेवला.

आमच्या भागात चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेला कागद एकाच गोष्टीचा असतो, लग्नाचा. तो आला की पाहणाऱ्याला वाचावं लागत नाही. सकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि त्यांची नजर कोनाड्यावर गेली.

“कुठची वं ही?”

“पांढुर्ण्याचं काम हाये,” आई विरजण काढता काढता म्हणाली.

“मोठीचं?”

“हो ना. तिचंच. ह्यायच्या मंजुरीले थांबलं.”

आईनं यात एक शब्दही खोटा सांगितला नाही. काकू विरजण घेऊन गेल्या. जाताना त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला आणि डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तो रविवार होता, पण नेमके बाबा लोधीखेड्याला कचेरीच्या कामासाठी गेले होते, म्हणून डबा उघडलाच नाही. सोमवारी बाबा तहसिलीत पोचले तर शिपाई पेढे मागू लागला. सोबतच्या कारकुनानं पाठ थोपटली. साहेबांनी बोलावून विचारलं, “काय बाबूजी, आम्हाले खबर बी नाही?”

दुपारी बाबा घरी आले. एवढं रागावलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. टोपी काढून त्यांनी खुंटीवर मारली, ती खाली पडली, तशीच राहू दिली.

“हे कोणी सुरू केलं? तुले कोणी फूस लावली?” ते मला म्हणाले.

पुढं वर्गात शिकवताना हाही अर्थ मी सांगायची, एखाद्याला भरीस घालणं, त्यालाही इंग्रजीत तेच क्रियापद लागतं. त्या दुपारी मी आईकडं पाहिलं. आई भाकरी थापून राहिली होती. तिनं मान वर केली नाही.

मी म्हटलं, “कोणीच नाही. अर्ज माझा आहे.”

बाबा काही बोलणार इतक्यात ओट्यावर माणसं आली. गल्लीतले दोघे वडीलधारे आणि आमच्याच नात्यातले एक काका, ज्यांची संत्र्यांची बाग लोधीखेड्याच्या वाटेवर होती. शेजारच्या काकूंनी माझ्यासाठी केळवणाचं आमंत्रण त्यांच्याबरोबरच पाठवलं होतं. केळवण झालं असतं तर सगळं गावभर पक्कंच झालं असतं.

“जावई काय करते?” एकानं विचारलं.

बाबा उभे होते ते बसले. त्यांनी कोनाड्याकडं पाहिलं. कुंकवाचा तो कागद तिथंच उभा होता.

“जावई नाही,” ते म्हणाले. “शाळा आहे. पोरीले शिकायचं आहे म्हणते. हे सगळं भलतंच झालं.”

मग ते काका हसले. “अरे, मग काय बिघडलं! खबर झालीच हाये तर खरी करून टाकू. माह्या साळ्याचा पोरगा हाये. बाग हाये, दोन बैलजोड्या हायेत. काही मागत बी नाही. उद्याच पाहाले या म्हन्तो मी.”

मी दाराआड होते. बाबांचा चेहरा मला दिसत होता. त्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी खोटं सांगणार नाही, त्यांना त्या क्षणी बरं वाटलं होतं. सगळं एका फटक्यात मिटणार होतं. गावातली शोभा टळणार, पोरगी चांगल्या घरी जाणार, आणि कोणताही निर्णय स्वतः न घेता सगळं होऊन जाणार. चार मोठ्या माणसांत बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. मी कोनाड्यातला कागद उचलला आणि बाहेर गेले.

“बाबा, माझा अर्ज पहिले आहे,” मी म्हटलं. “काकांचा आज आला. पहिले आलेला पहिले पाहीन, असं तुम्हीच सांगितलं. माझ्या अर्जावर निकाल द्या. मग त्यांच्यावर द्या.”

काका म्हणाले, “पोट्टी तं वकील हाये.”

बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला. खाली ओळीनं सारे काळे शेरे, आणि चारी बाजूंनी कुंकू. ते किती तरी वेळ तो पाहत बसले. मग सदऱ्याच्या खिशातून लाल-निळी पेन्सिल काढली. कोणतं टोक पुढं येतं ते पाहत मी उभी होते. निळं टोक आलं. बाबांनी मधल्या कुंकवाला धक्का न लावता, त्याच्या बाजूला, नीट मोठ्या अक्षरात ‘मंजूर’ लिहिलं. खाली सही केली. कागद मला देऊन ते काकांना म्हणाले,

“बरोबर म्हणते ती. तिचा अर्ज आधीचा होता. तुमचं प्रकरण चांगलं आहे. पण तिची मॅट्रिक झाल्यावर पुन्हा पुट अप करा.”

आतून आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी करपलेल्या भाकरी खाल्ल्या. बाबांनी दोन खाल्ल्या आणि बऱ्या झाल्यात म्हणाले.

पांढुर्ण्याला आत्यानं मला ठेवून घेतलं. ठेवून घेणं आणि सोसणं हे इंग्रजीत एकाच क्रियापदाचे अर्थ का, असा प्रश्न पोरांना पडायचा. मला तो कधी पडला नाही. आत्या मायाळू होती, पण तिच्या सासूबाईंना मुलीच्या जातीनं मुलांत बसून इंग्रजी वाचणं म्हणजे घराला कमीपणा वाटायचा. त्यांनी मला घालवलं नाही. संत्री भरायला लावलं. हंगामात अंगणभर संत्री ओतलेली असायची आणि शाळेआधी मला तणसात एकेक फळ बसवून पेट्या भराव्या लागायच्या. स्टेशनला जाणाऱ्या बैलबंडीवर त्या चढल्या की मग माझी सुटका. सालीचा वास हातांना इतका बसायचा की वर्गात पोरं नाक वर करून हुंगायची आणि मला ‘पेटी’ म्हणायची. मी एकदाही रडून सौंसरला निरोप धाडला नाही. निरोप गेला असता तर बाबांना मला परत न्यायला निमित्त मिळालं असतं, आणि ते मला द्यायचं नव्हतं.

वर्गात मुलींनी आपण होऊन हात वर करायचा नाही, असा न लिहिलेला कायदा होता. मास्तर विचारतील तर खाली पाहून उत्तर द्यायचं. एक दिवस इंग्रजीच्या मास्तरांनी ‘पुट अप’ वाक्यात वापरायला सांगितलं. पोरं गप्प. माझा हात कधी वर गेला ते मलाच कळलं नाही. सगळा वर्ग वळून पाहू लागला, पुढची पोरं तर बाकावर उलटी बसली. मी इंग्रजीत सांगितलं, माझे वडील रोज साहेबांसमोर फाइल पुट अप करतात.

मास्तर म्हणाले, “हा कचेरीचा अर्थ झाला. पुस्तकात नाही.”

“पण सर, कचेरीत रोज होते ना.”

मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, “बरं, मग आता पुस्तकातले बाकीचे तू शोधून आण.” मी शोधून आणले. खांब उभारणं आमच्याच घरातलं होतं. भाव चढवणं आत्याच्या अंगणात रोज कानावर पडत होतं. सोसण्याचं उदाहरण मी वर्गात सांगितलं नाही. आणि त्या दिवसानंतर मी हात वर करायचं सोडलं नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या बाकावरच्या बाकीच्या मुलीही करू लागल्या.

मग राज्य फुटलं. नागपूर गेलं, आम्ही राहिलो. ज्या राजधानीला आमच्या जिल्ह्याच्या फाइली जन्मभर जात आल्या ती एका दिवसात परक्या राज्यातली झाली आणि आता सगळं भोपाळला जाणार होतं. सुट्टीत मी सौंसरला आले तर बाबा हिंदीत शेरे लिहायचा सराव करत होते. ‘प्रस्तुत करें’ असं त्यांनी पाटीवर पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. मला म्हणाले, “हे तुह्या पुट अपचं हिंदी. चांगलं आहे, पण तोंडात बसून नाही राहिलं.” आम्ही दोघंही परीक्षेला बसल्यासारखे पाटी-पुस्तक घेऊन समोरासमोर बसायचो. आई आम्हा दोघांना एकदमच चहा द्यायची.

त्या सुट्टीतल्या रविवारी बाबा पूजा झाल्यावर पाटावर बसले नाहीत. बाहेर ओट्यावर गेले आणि आमच्याकडं पाठ करून बसले. आता निकालाची वाट त्यांना पाहायची होती, जशी पूर्वी आम्ही पोरं पाहायचो.

आई म्हणाली, “डबा उघड वं.”

डब्यात एकच कागद होता. बाबांचं अक्षर. अर्जदारास भोपाळच्या कचेरीत हेडक्लर्कची जागा देऊ केलेली आहे. ती या महिन्यात स्वीकारावी लागेल. अर्जदाराची मुलगी या साली मराठीतून मॅट्रिकला बसणार असून भोपाळला तिची शाळेची सोय होणार नाही, आणि अर्जदार इतक्या दूर गेल्यास तिला बहिणीकडे एकटी ठेवणे अर्जदारास जमणार नाही. सबब अर्जदार ही बढती नाकारू इच्छितो. घरच्यांची मंजुरी असावी.

मी तो दोनदा वाचला. हेडक्लर्क होणं हे त्यांचं केवढं स्वप्न होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते स्वप्न त्यांनी कधी अर्जात लिहिलं नव्हतं, कारण ते मंजूर करणारं घरात कोणी नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. माझ्या शिक्षणासाठी मी सगळ्यांशी भांडले होते, पण कोणाकडून एवढं घ्यायचं मी ठरवलं नव्हतं.

आईनं कुंकवाची कोयरी पुढं केली. मी तिचा हात धरला. “थांब. कुंकू लागलं की मग बदलता येणार नाही.”

मी काळी शिसपेन्सिल घेतली आणि लिहिलं: मॅट्रिकच्या निकालानंतर पुन्हा पुट अप करा. नकार देऊ नका, मुदत मागा. निकाल लागला की आपण सगळे भोपाळला जाऊ.

बाबांनी तो शेरा वाचला. मग म्हणाले, “हुकूम सर आँखों पर,” आणि दुसऱ्याच दिवशी भोपाळला मुदतीचा अर्ज धाडला.

भोपाळ थांबलं नाही. नव्या राज्याला घाई होती. ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. बाबा सौंसरला कारकूनच राहिले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. मुदतीच्या अर्जाचं पुढं काय झालं हे मी विचारलं की ते म्हणायचे, “पेंडिंग आहे.” किती तरी दिवस मी ते खरं मानलं.

निकाल लागला त्या दिवशी बाबा पांढुर्ण्याला आले. बसचा सगळा रस्ता धुळीचा, त्यांच्या भुवयासुद्धा लाल झालेल्या. शाळेच्या फळ्यावर निकालाचा कागद लावलेला होता आणि पोरांची झुंबड होती. बाबा गर्दीत शिरले. माझा नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी वरून खाली बोट फिरवत नेलं, एका ठिकाणी थांबवलं आणि ते बोट तिथून काढेचनात.

मी म्हटलं, “बाबा, पास आहे. दिसून राहिलं ना.”

त्यांनी डाव्या हातानं खिशातून कागदाची पुडी काढली. आईनं दिलेली. सरकारी कागदावर शाईचा ठिपका पडला तर जीव कासावीस होणारा माझा बाप, त्यानं पुडीत बोट बुडवलं आणि माझ्या नंबराशेजारी कुंकू लावलं.

शाळेचा शिपाई धावत आला. “अहो बाबूजी, काय करून राहिले? सरकारी कागद आहे तो!”

“म्हणूनच लावलं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. “आता हा कोणाले फाडता येणार नाही.”